वीज कंपनीत एआयचा पहिला प्रकल्प: फीडरच्या लोडचा अंदाज, पायरी पायरीने

रिले टेस्टिंग आणि सबस्टेशनच्या देखभालीत बारा वर्षं काढल्यावर एक दिवस माझ्या टेबलावर फाईल आली: आपल्याकडे एआय वापरायचं आहे, प्रस्ताव द्या. सुरुवात कुठून करायची हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. वाचायला मिळालं ते बहुतेक सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी लिहिलेलं, नाहीतर सबस्टेशनचं लॉगबुक कधी उघडूनही न पाहिलेल्यांनी. पहिला प्रकल्प खरोखर कामाला लागायला चौदा महिने गेले. त्यातले मॉडेल (जुन्या डेटावरून शिकून अंदाज देणारा प्रोग्राम) बनवायला लागले जेमतेम तीन आठवडे. उरलेले महिने कुठे गेले ते इथे लिहितो आहे, म्हणजे निदान तुमचे तरी वाचतील.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ज्यांना विजेचं काम येतं पण एआय नवीन आहे. दुसरे, ज्यांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येते पण फीडर म्हणजे काय हे धड माहीत नाही. दुसऱ्यांसाठी एका वाक्यात: फीडर म्हणजे सबस्टेशनमधून निघून एखाद्या भागातल्या घरांना, दुकानांना, कारखान्यांना वीज पोचवणारी वाहिनी. तिच्यावर उद्या किती लोड (विजेची मागणी) येणार याचा अंदाज, हा पहिल्या प्रकल्पासाठी सगळ्यात योग्य विषय आहे असं माझं ठाम मत आहे. डेटा भरपूर मिळतो, अंदाज बरोबर की चूक हे दुसऱ्याच दिवशी कळतं आणि चुकला तरी कुणाच्या जिवावर बेतत नाही.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- फीडरच्या लोडची किमान दोन वर्षांची नोंद, १५ किंवा ३० मिनिटांच्या अंतराने
- त्याच काळातली स्विचिंगची नोंद: लोड कधी, कुठून कुठे वळवला, शटडाउन कधी घेतलं
- मीटर आणि सीटी (मोठा प्रवाह मोजण्याजोगा लहान करणारा करंट ट्रान्सफॉर्मर) बदलल्याच्या तारखा, जुन्या-नव्या गुणकांसह (मीटरचा आकडा ज्याने गुणला की खरा लोड मिळतो)
- त्या भागाचं तापमान, आणि शक्य असेल तर तेव्हा वर्तवलेलं तापमानही
- सुट्ट्या आणि सणांची तारीखवार यादी
- फीडरचा सध्याचा एकरेषीय नकाशा (काय कुठे जोडलं आहे हे एका रेषेत दाखवणारा)
- डेटा वापरण्याची लेखी परवानगी, त्यात हेतू आणि मुदत दोन्ही लिहिलेले
- साधा संगणक, पायथन, आणि त्याच्या पांडाज (तक्त्यातला डेटा हाताळायला) व सायकिट-लर्न (मॉडेल शिकवायला) या लायब्ररी

महागडा सर्व्हर लागत नाही. १५ मिनिटांच्या हिशोबाने एका फीडरच्या दिवसाला ९६ नोंदी होतात, वर्षाला ३५,०४०. शंभर फीडर घेतले तरी हे ऑफिसच्या लॅपटॉपवर आरामात चालतं.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि त्यात माणूस असू द्या

"लोडचा अंदाज काढायचा" हा प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: "उद्या संध्याकाळी कोणते फीडर मर्यादेच्या वर जातील हे कंट्रोल रूमच्या ऑपरेटरला आज दुपारी चारपर्यंत कळलं पाहिजे, म्हणजे लोड वळवण्याची तयारी त्याला आजच करता येईल." कोणाला, कधी, कशासाठी हे तिन्ही यात आहे. पुढच्या प्रत्येक पायरीवर, विशेषतः सहाव्या, तुम्ही या वाक्याकडे परत येणार आहात. कागदावर लिहा आणि ऑपरेटरला दाखवा. मी दाखवलं तेव्हा त्याने "पाच" खोडून "चार" केलं, कारण साडेचारला त्यांची पाळी बदलते. मॉडेलचं निम्मं गणित त्या एका आकड्यावर ठरलं.

पहिल्या प्रकल्पात प्रोटेक्शनला, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणाऱ्या यंत्रणेला, हात लावू नका. तिथला बिघाड ओळखणारा रिले मिलिसेकंदांच्या हिशोबात काम करतो आणि त्याच्या प्रत्येक ट्रिपचं (वीज तोडण्याचं) कारण सांगता यावं लागतं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यातही वीजपुरवठ्याच्या सुरक्षेचा भाग म्हणून वापरलेलं एआय उच्च जोखमीच्या गटात टाकलं आहे. ते काम शिकाऊ हातांचं नाही.

२. परवानगी आणि डेटाची वाट

स्काडाला (सबस्टेशनवर दुरून नजर ठेवणाऱ्या आणि ती चालवणाऱ्या संगणक यंत्रणेला) थेट जोडून घेऊ नका, कुणी "चालेल हो" म्हटलं तरी. २०१५ च्या डिसेंबरमध्ये युक्रेनमधल्या वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला. हल्लेखोर आधी ईमेलमधून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरले होते आणि तिथून नियंत्रण यंत्रणेपर्यंत पोचले. साधारण सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास गेली. तुमचा लॅपटॉप ऑफिसच्याच नेटवर्कवर असतो हे विसरू नका. डेटा एकाच दिशेने बाहेर यावा: स्काडातून साठवणीच्या सर्व्हरवर आणि तिथून त्याची प्रत तुमच्याकडे. तुमच्याकडून स्काडाकडे जाणारी वाट नसावीच.

ग्राहकांची मीटर रीडिंग लागणार असतील तर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक काढून टाकून मागा. अर्ध्या तासाच्या रीडिंगवरून घर कधी रिकामं असतं, माणसं कधी उठतात, हे सहज ओळखता येतं. तुमच्या मॉडेलला त्याची गरज नाही. फीडरच्या लोडसाठी फीडरचा मीटर पुरतो.

परवानगीची फाईल फिरायला वेळ लागतो. तोवर पुढची पायरी सुरू करा.

३. सराव मोकळ्या डेटावर करा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेच्या मशीन लर्निंग भांडारात पोर्तुगालमधल्या ३७० ग्राहकांचा २०११ ते २०१४ चा डेटा विनामूल्य मिळतो, १५ मिनिटांच्या अंतराने. मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हाच डेटा देतो, कारण वीज क्षेत्रातले बरेचसे सापळे या एका फाईलमध्ये भेटतात.

पहिला सापळा फाईल उघडताच लागतो. रकाने अर्धविरामांनी वेगळे केले आहेत आणि दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम आहे. हे न सांगता फाईल वाचली तर आकड्यांच्या जागी मजकूर येतो.

दुसरा सापळा एककाचा. आकडे किलोवॉटमध्ये आहेत, युनिटमध्ये नाहीत. युनिट हवे असतील तर प्रत्येक आकड्याला चाराने भागावं लागतं. हे ज्याच्या लक्षात येत नाही त्याची बेरीज चौपट निघते, आणि आलेख मात्र अगदी बरोबर दिसतो.

तिसरा सापळा शून्यांचा. काही ग्राहक २०११ नंतर जोडले गेले, त्यांच्या आधीच्या काळात शून्य भरलेलं आहे. ते शून्य म्हणजे "वापर नाही" नव्हे, "ग्राहकच नाही".

आणि चौथा, घड्याळाचा. तिथे वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे होतं. मार्चमधला तो दिवस २३ तासांचा, म्हणून रात्री एक ते दोनच्या जागी सगळ्यांना शून्य. ऑक्टोबरमधला २५ तासांचा, म्हणून त्याच तासात दोन तासांचा वापर एकत्र. मॉडेलला हे कळत नाही. ते इमानदारीने शिकतं की मार्चमधल्या एका रात्री सगळ्या ग्राहकांची वीज तासभर जाते.

या फाईलवर एक आठवडा घालवा. एका ग्राहकाचा एक आठवडा निवडा, आलेख काढा आणि प्रत्येक चढउताराला "हे का?" असं विचारा.

४. आता स्वतःचा डेटा, आणि त्याच्या शेजारी रजिस्टर

माझे सर्वांत जास्त महिने इथे गेले, आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही.

एका फीडरचा लोड एका मंगळवारी सकाळी अचानक जवळपास दुप्पट झालेला दिसला. नऊ दिवस तसाच राहिला आणि मग पूर्ववत. तापमान नेहमीचं, सुट्टी नाही. माझ्याबरोबरच्या तरुण सहकाऱ्याने ते नऊ दिवस "बिघडलेला डेटा" म्हणून काढून टाकायचं सुचवलं. मी सबस्टेशनला गेलो. लॉगबुकच्या त्या पानावर निळ्या शाईत ओळ होती: "११.४० फी. ३ चा लोड फी. ५ वर घेतला, केबल जॉइंट काम." नऊ दिवसांनंतरच्या पानावर तशीच दुसरी ओळ, "लोड परत". आकडे शंभर टक्के खरे होते. फक्त ते पाचव्या फीडरच्या ग्राहकांचे नव्हते, तिसऱ्या आणि पाचव्याचे मिळून होते.

त्यानंतर आम्ही दोन वर्षांची लॉगबुकं हाताने टाइप केली. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही. ज्या ऑपरेटरने नोंद लिहिली त्यालाच शेजारी बसवा, कारण "वरून सांगितल्याप्रमाणे" अशा ओळींचा अर्थ त्यालाच ठाऊक असतो.

याशिवाय हे तपासा:

सीटीचा गुणक. सीटी २०० ला १ ची काढून ४०० ला १ ची बसवली आणि प्रणालीत गुणक बदलायचा राहिला, तर त्या दिवसापासून लोड निम्मा दिसतो. बदलाच्या तारखेला आलेखात सरळ पायरी दिसते.

वेळेचा शिक्का. ७.०० ची नोंद म्हणजे ६.४५ ते ७.०० ची सरासरी, ७.०० ते ७.१५ ची, की बरोबर सातचा क्षण? दोन प्रणालींमध्ये दोन उत्तरं असू शकतात. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर आणि मीटर स्थानिक वेळेवर असला तर सगळा आलेखच सरकतो.

अडकलेला आकडा. संपर्क तुटला की काही प्रणाली शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा लिहितात. दोन तास दशांशासकट तोच लोड असेल तर तो लोड नाही.

पुरवठा गेल्याचे तास. तिथला शून्य मागणीचा नाही. आणि वीज बराच वेळ गेल्यानंतर परत येते तेव्हा सगळे फ्रिज, पंप, एसी एकदम सुरू होतात. तो उसळलेला लोडही नेहमीच्या दिवसाचा नाही. दोन्हीवर खूण करा. पुसू मात्र काहीच नका: मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा आणि खुणांसाठी वेगळा रकाना करा.

५. मॉडेलच्या आधी फुकटातला अंदाज

"गेल्या आठवड्यात याच वारी, याच वेळी जो लोड होता तोच उद्या." हा अंदाज काढायला एक ओळ पुरते आणि तो लाजवेल इतका चांगला असतो. याची चूक मोजून भिंतीवर लावा. मॉडेल याच्या पुढे गेलं नाही तर मॉडेल नको.

चूक मोजताना नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. रात्री लोड अगदी कमी असतो तेव्हा छोटीशी चूकही टक्क्यांत मोठी दिसते, आणि ऑपरेटरला तिचं काही देणंघेणं नसतं. सरासरी चूक ॲम्पिअरमध्ये काढा, आणि दिवसातल्या सर्वाधिक लोडच्या तासांची वेगळी काढा. आमच्या पहिल्या मॉडेलची दिवसभराची सरासरी छान होती, पण संध्याकाळच्या शिखराला ते सतत कमी सांगायचं. म्हणजे जिथे गरज तिथेच चुकायचं.

६. मॉडेल, आणि उद्याचं आज माहीत असल्याचा भ्रम

ग्रेडियंट बूस्टिंग (एकामागून एक छोटी मॉडेल जोडून आधीची चूक कमी करत जाणारी पद्धत) घ्या. सायकिट-लर्नमध्ये तयार मिळतं, लवकर शिकतं, आणि कोणत्या गोष्टीला किती वजन दिलं ते साधारण दाखवतं. न्यूरल नेटवर्कची, म्हणजे त्याहून गुंतागुंतीच्या मॉडेलची, घाई नको. एका फीडरच्या दोन वर्षांच्या डेटावर त्याने फार काही पदरात पडत नाही, हा माझा अनुभव आहे. मॉडेलला तास, वार, सुट्टी, तापमान आणि मागचे लोड एवढं द्या.

आता नीट वाचा, कारण नवा माणूस हमखास इथेच घसरतो. अंदाज आज दुपारी चारला द्यायचा आहे, उद्या संध्याकाळी सातचा. मॉडेलला तुम्ही "२४ तासांपूर्वीचा लोड" देता. उद्याच्या सातच्या २४ तास आधी म्हणजे आज संध्याकाळी सात. चार वाजता तो लोड अजून आलेलाच नाही! जुन्या डेटावर तपासताना मात्र तो फाईलमध्ये असतो, मॉडेल तो वापरतं आणि निकाल अप्रतिम येतो. प्रत्यक्ष चालवायला घेतलं की रकाना रिकामा. संध्याकाळसाठी ४८ तासांपूर्वीचा आणि १६८ तासांपूर्वीचा, म्हणजे गेल्या आठवड्यातला, लोड द्या. प्रत्येक रकान्यापुढे लिहा: "हे मला चार वाजता माहीत असेल का?"

तापमानाचंही तेच. शिकवताना प्रत्यक्ष नोंदलेलं तापमान देता, पण उद्याचं तुमच्याकडे फक्त वर्तवलेलं असेल. निदान तपासणी तरी वर्तवलेल्या तापमानावर करा.

आणि तपासणीसाठी डेटा यादृच्छिक पद्धतीने कधीही वाटू नका. बुधवारचे सव्वासात शिकण्यात आणि त्याच बुधवारचे साडेसात परीक्षेत आले, तर ती परीक्षा नव्हे. पहिलं दीड वर्ष शिकायला, उरलेले सहा महिने परीक्षेला, आणि मध्ये काळाची स्वच्छ रेघ. त्या सहा महिन्यांत कडक उन्हाळा नसेल तर उन्हाळ्याबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नाही, हे अहवालात लिहा.

छतावरचे सौर पॅनल वाढत असलेल्या फीडरवर आणखी एक गोष्ट: मीटरला दिसतो तो खरा वापर वजा सौर वीज. ढगाळ दिवशी दुपारी "लोड वाढला" असं दिसतं, पण वापर तेवढाच असतो. अशा फीडरना ढगांची किंवा सूर्यकिरणांची माहिती द्यावीच लागते.

७. आधी नुसतं शेजारी बसवा

मॉडेल तयार झालं की लगेच त्याच्या भरवशावर निर्णय नकोत. एक पूर्ण हंगाम ते रोज अंदाज देईल, ऑपरेटर आपलं काम नेहमीच्याच पद्धतीने करेल. त्याला एक विनंती करा: मॉडेलचा आकडा बघण्याआधी स्वतःचा अंदाज वहीत लिहायचा.

आमच्याकडच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरने सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मॉडेलला सलग चार वेळा मागे टाकलं. विचारलं तर म्हणाले, "साहेब, सुट्टीच्या आधी पाणीपुरवठ्याची टाकी रात्रीच भरून ठेवतात, पंप दोन तास जास्त चालतात." हे कोणत्याच फाईलमध्ये नव्हतं. पंपांचं वेळापत्रक मागवलं, रकाना वाढवला, चूक उतरली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या दिवसापासून ते गृहस्थ मॉडेलला "आपलं" म्हणू लागले.

पडद्यावर अंदाजाच्या शेजारी मोठ्या अक्षरात दाखवा: शेवटचा डेटा किती वाजता आला. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात साधारण ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दिवशी एका कंट्रोल रूममधली अलार्म यंत्रणा गुपचूप बंद पडली होती आणि तासाहून अधिक काळ ऑपरेटरना ते कळलंच नाही. अलार्म नाही म्हणजे सगळं ठीक, असं ते समजून होते. तुमचं मॉडेल बंद पडलं तर त्याने तसं ओरडून सांगितलं पाहिजे. कालचाच अंदाज आजचा म्हणून दाखवणारा पडदा कोऱ्या पडद्यापेक्षा घातक आहे.

८. दुसरा प्रकल्प निवडताना

फीडरचा प्रकल्प स्थिरावला की लोक दोन गोष्टी मागतात.

पहिली, ट्रान्सफॉर्मर कधी जळणार ते आधी सांगा. तेलात विरघळलेल्या वायूंची चाचणी इथे आधीपासून आहे: ॲसिटिलीन दिसला तर आत ठिणग्या किंवा आर्क, एथिलीन वाढला तर तेल फार तापतंय, कार्बन मोनॉक्साइड वाढला तर कागदी इन्सुलेशनकडे बघा. मिथेन, एथिलीन आणि ॲसिटिलीन यांच्या प्रमाणावर बेतलेला ड्यूव्हाल त्रिकोण (बिघाडाचा प्रकार ओळखायची आकृती) वर्षानुवर्षं वापरात आहे. आधी तो शिका, मग मॉडेल. अडचण अशी की जळालेले ट्रान्सफॉर्मर थोडे असतात. शंभरात एक जळत असेल तर "कुठलाच जळणार नाही" म्हणणारं मॉडेलही ९९ टक्के अचूक ठरतं. विक्रेत्याने अचूकतेचा आकडा दाखवला की विचारा: जळालेल्यांपैकी किती आधी पकडले, आणि त्यासाठी किती चांगले ट्रान्सफॉर्मर उगाच उघडायला लावले?

दुसरी, वीजचोरी. चीनच्या स्टेट ग्रिड या सरकारी वीज कंपनीने खुला केलेला ४२,३७२ ग्राहकांचा डेटा सरावाला मिळतो, त्यात ३,६१५ जणांवर चोरीची खूण आहे. स्वतःच्या डेटावर मात्र जपून. तपासणी पथक जिथे गेलं तिथलीच चोरी नोंदली गेलेली असते. ज्या वस्तीत पथक नेहमी जातं तीच वस्ती मॉडेल पुन्हा दाखवतं. वापर अचानक घटणं म्हणजे चोरीच असं नाही: घर बंद असेल, माणूस आजारी असेल, सौर पॅनल बसवले असतील. मॉडेलची यादी ही फक्त जाऊन बघण्याची यादी. त्या यादीवरून कुणालाही नोटीस जाता कामा नये. माझ्या गटात यावर कधीच तडजोड झाली नाही.

संवाद साधणारे भाषा-मॉडेल तक्रारींचं वर्गीकरण, जुन्या अहवालांतला शोध, लॉगबुकचा गोषवारा यांसाठी उपयोगी पडतात. स्विचिंगचा क्रम किंवा लाइन परमिट (लाइन बंद आहे, काम करा अशी लेखी परवानगी) त्यांच्याकडून लिहून घेऊ नका. त्यांचं चुकीचं वाक्यही बरोबर वाक्याइतकंच ठाम असतं, आणि खाली तारेवर लाइनमनचा हात असतो.

९. चालू ठेवण्याची सोय पहिल्याच दिवशी

मॉडेल कोणाच्या नावावर आहे ते आदेशात लिहून घ्या. बदली झाली की पुढचा कोण, तेही. प्रत्येक स्विचिंग, सीटी-मीटर बदल आणि नवी मोठी जोडणी यांची नोंद मॉडेलपर्यंत त्याच दिवशी पोचेल अशी व्यवस्था करा. आम्ही लॉगबुकशेजारीच एक टॅब ठेवला आहे, चार रकान्यांचा: वेळ, कुठून, कुठे, कधीपर्यंत.

दर सोमवारी मॉडेलची चूक पायरी ५ मधल्या फुकटातल्या अंदाजाशेजारी मांडा. सलग तीन आठवडे मॉडेल मागे पडलं तर ते पडद्यावरून काढा, गेल्या आठवड्याचा आकडा दाखवा आणि कारण शोधायला सबस्टेशनच्या लॉगबुकापासून सुरुवात करा.